वादळ किती वाजता येणार, ते आधी सांगा

माझा धंदा छपाईचा. नाशकात रविवार कारंजाच्या आसपास छोटं दुकान आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रिया विधीची पत्रकं, गणपती मंडळांच्या कमानी, द्राक्षाच्या पेट्यांवरची लेबलं, आणि निवडणूक लागली की झोप नाही. अक्षर लांबून वाचता यावं, रंग उन्हात टिकावा आणि गिऱ्हाइकाचा फोटो गोरा दिसावा, एवढं या धंद्यातलं शास्त्र.

वादळाच्या इशाऱ्यांची चित्रं काढायला लागलो ते मामांमुळे. मामांचं शेत निफाड तालुक्यात. अर्ध्यात द्राक्षबाग, अर्ध्यात कांदा. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढून वावरात पडलेला असतो, आणि नेमके तेव्हाच दुपारनंतर ढग चढायला लागतात. मग मामांचा फोन. "तुझ्या मोबाईलवर ते रंगीत आलं असंल ना, काय म्हणतंय?" खरं तर तेच रंगीत चित्र त्यांच्याकडेही आलेलं असायचं. महाराष्ट्राचा नकाशा, जिल्ह्या-जिल्ह्यात भरलेले रंग, वर तारीख, खाली कुणाकुणाचे लोगो. मी वाचून दाखवायचो, "नाशिकला यलो आहे मामा." पलीकडून, "ते दिसतंय रे. ताडपत्री आत्ता टाकू का संध्याकाळी टाकली तरी चालंल, तेवढं सांग."

चित्रात तेवढंच नसायचं.

ज्याला हे प्रकरण दुरून माहीत आहे त्याला वाटेल, यात काय, टाकून ठेवायची ताडपत्री. नाही टाकून ठेवता येत. एप्रिलच्या उन्हात प्लॅस्टिकखाली कांदा उबतो, त्याला पाणी सुटतं, चाळीत गेल्यावर सडतो. झाकायला माणसं लागतात, माणसं दुसऱ्याच्या रानात असतात. बागेचं वेगळंच. पाऊस होणार असेल तर आज फवारायचं की उद्या, कारण फवारलेलं औषध तासाभरात धुऊन गेलं तर पैसे पाण्यात आणि वर डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती. माल तयार असताना पाऊस लागला तर मणी तडकतात. म्हणजे शेतकऱ्याला इशाऱ्यातून हवं असतं ते मुख्यतः घड्याळ. आपण त्याला देतो नकाशा.

हे माझं म्हणणं. जिल्ह्याचा रंगीत नकाशा वादळाच्या इशाऱ्यात सगळ्यात शेवटी यावा. सगळ्यात वर वेळ हवी, मग जागा, मग काय करायचं ते, आणि रंग या तिन्हींच्या पाठीमागे उभा राहावा. सध्या बहुतेक फिरणाऱ्या चित्रांत नेमकं उलटं असतं.

गंमत म्हणजे वेळ मूळ माहितीत असते. हवामान खातं जे तात्कालिक इशारे देतं, ज्याला ते नाऊकास्ट म्हणतात, ते पुढच्या तीन तासांपुरतेच असतात. मेघगर्जना, विजा, ताशी ३० ते ४० किंवा ५० ते ६० किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा, आणि कोणत्या जिल्ह्यात, एवढं त्यात येतं. तीन तास म्हणजे ताडपत्री टाकायला पुरेसा अवकाश. पण तोच इशारा ग्रुपवर पोचेपर्यंत कुणीतरी त्याचं सुशोभीकरण केलेलं असतं. पाठीमागे चमकणारी वीज, मधोमध "सावधान!!!", आणि इशारा कधी दिला, कधीपर्यंत लागू, ही ओळ कापलेली. आमच्या धंद्यात याला क्रॉपिंग म्हणतात, आणि नेमकं काय कापू नये हे कळायला दहा वर्षं जातात. ते चित्र मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, कधीकधी पुढच्या वर्षीही फिरतं.

म्हणून मी एक कार्ड करायला घेतलं. अंदाज माझा नाही, हे आधीच सांगतो. खात्याच्या पत्रकात जे आहे तेच उतरवायचं, आकडा बदलायचा नाही, एक विशेषणही वाढवायचं नाही. बदलायची ती फक्त मांडणी. कार्डाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात एक आडवी पट्टी. डावीकडे "आत्ता", उजवीकडे "उद्या सकाळ". मध्ये दुपार, संध्याकाळ, रात्र, पहाट. ज्या भागात वादळ अपेक्षित तो भाग भरलेला. पट्टीखाली सगळ्यात मोठ्या अक्षरात, "संध्याकाळी ७ पर्यंत लागू. त्यानंतर हे कार्ड पुढे पाठवू नका."

ही शेवटची ओळ टाकल्यावर भाऊबंदकीच्या ग्रुपवर एकानं विचारलंच, "पाठवलं तर काय दंड आहे का?"

पट्टीच्या कडांनी मला फार छळलं. वादळ चार वाजता म्हणजे चारच्या ठोक्याला येत नाही. सरळ रेघ मारली की लोक घड्याळ लावून बसतात आणि सव्वाचारला म्हणतात, आलं नाही, खोटं. आधी मी कडा फिकट होत जाणारी केली, स्क्रीनवर सुंदर दिसली. कागदावर तीच कड धुरकट डाग होऊन आली. आता तुटक रेषा मारतो. मधला भाग भरीव, दोन्ही बाजूंना तुटक. मामींना न सांगता दाखवलं तर म्हणाल्या, "इथं इथं नक्की नाही, मधी नक्की." एवढं समजलं तर बास.

पण आता रंगांकडे येऊ, कारण लोकांचं सगळं बोलणं रंगांवरच चालतं. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. सरासरी माणूस मात्र हे पावसाचं माप समजतो. पिवळा थोडा पाऊस, केशरी बरा, लाल धो-धो. पावसाचं माप वेगळं आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. हे चोवीस तासही सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात, मध्यरात्रीपासून नव्हे. त्यामुळे पेपरात "काल इतका पाऊस" वाचून आपण म्हणतो, काल कुठं, तो तर आज पहाटे पडला. रंग ठरवताना किती पडेल याच्याबरोबर शक्यता किती आणि परिणाम काय होईल हेही धरलेलं असतं. म्हणजे रंग हा निकाल आहे, मोजमाप नाही.

आणि तो निकाल आख्ख्या जिल्ह्याला एकच लावला की आमच्या नाशकात गोंधळ होतो. पंधरा तालुके. पश्चिमेला इगतपुरी, तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. पूर्वेला येवला, तिथं पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात कोकणाचा शेजारी आणि मराठवाड्याचा शेजारी. जुलैमध्ये नाशिकला केशरी असतो तेव्हा त्र्यंबकच्या डोंगरात ढग फुटल्यासारखं होतं आणि येवल्याचा माणूस आभाळाकडे बघून टँकरची वाट पाहत असतो. त्याला तो केशरी म्हणजे थट्टा वाटते. हल्ली खातं इशाऱ्यांत घाटमाथा वेगळा दाखवतं, नाशिक घाट म्हणून, हे फार बरं झालं. पण पुढे जे चित्रं बनवतात ते घाट आणि नाशिक पुन्हा एकत्र भरून टाकतात, कारण त्यांच्याकडच्या नकाशात जिल्ह्याच्या आत रेघच नसते. मी माझ्या कार्डावर जिल्ह्याची बाह्यरेषा काढून आत सह्याद्रीची एक जाड रेघ मारली आणि सिन्नर, निफाड, येवला, चांदवड अशी ओळखीची नावं टाकली. लोक नकाशात आपलं गाव शोधतात, ते सापडलं नाही की नकाशा त्यांचा नाही.

आता झेरॉक्सची गोष्ट, ही मला माझ्या धंद्यामुळेच दिसली. गावात ग्रामपंचायतीच्या बाहेर फळा असतो, सोसायटीत असतो, दूध संकलन केंद्रावर असतो. तिथं लागतो तो रंगीत कागद नव्हे. कुणीतरी मोबाईलवरचं चित्र काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढतं, त्याची झेरॉक्स होते, ती चिकटवतात. मी एकदा दुकानात बसून चारही रंग काळे-पांढरे करून पाहिले. संगणक करडा रंग काढताना लालाचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के धरतो. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. भडक लाल येतो ७६ वर. सरकारी पत्रकांत असतो तसा गडद हिरवा येतो ७५ वर. म्हणजे "काही नाही, आराम करा" आणि "ऊठ, पळ" हे दोन्ही एकाच करड्यात! केशरी १७३ आणि पिवळा २२६, तो तर कागदातच विरघळतो. झेरॉक्सचं मशीन जरा वेगळं वागतं, पण निकाल असाच लागतो. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच दिसत नाही, आणि असे पुरुष आपल्या आजूबाजूला वाटतात त्याहून जास्त असतात, त्यांना तर रंगीत कागदावरही अडचण. आमच्याकडे एक फोरमन होता, मशीनवर बाप माणूस, पण लाल शाईचा डबा वास घेऊन ओळखायचा.

उपाय अवघड नाही. रंगाबरोबर उभ्या पट्ट्या द्यायच्या. पिवळ्यावर एक, केशरीवर दोन, लालवर तीन, जाड आणि काळ्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी तीन पट्ट्या तीनच राहतात. आणि रंगाच्या चौकोनातच शब्द छापायचा. "लक्ष ठेवा", "तयारी करा", "आत या". रंगसूची खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात देण्याची जी पद्धत आहे ती मला कधीच कळलेली नाही. चित्र एका जागी आणि त्याचा अर्थ दुसऱ्या जागी, मध्ये वाचणाऱ्याचा चष्मा.

रंग सोडून इशारा देण्याची रीत काही नवी नाही. कोकणात बंदरावर बावटा लावतात. "तीन नंबरचा बावटा लागला" म्हटलं की मच्छीमाराला वेगळं काही सांगावं लागत नाही. इंग्लंडमध्ये ॲडमिरल फिट्झरॉयनं १८६१ मध्ये बंदरांवर शंकूच्या आणि ढोलाच्या आकाराच्या खुणा टांगून वादळाचे इशारे सुरू केले. कलकत्त्यात १८६४ च्या भयंकर चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था उभी राहिली, म्हणजे भारतीय हवामान खातं स्थापन झालं त्या १८७५ च्याही आधी. आपल्या बंदरांवरच्या या बावट्यांत दिवसा आकार, रात्री लाल-पांढरे दिवे. एक ते अकरा क्रमांक. यातला अकरावा माझा आवडता. त्याचा अर्थ, इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. "आम्हाला माहिती मिळत नाही, तुम्ही वाईट धरून चाला" यासाठी स्वतंत्र खूण करून ठेवणारा माणूस जो कुणी असेल, त्याला माझा नमस्कार. आजच्या ॲपमध्ये माहिती आली नाही की स्क्रीन कालचंच हिरवं दाखवत बसते.

नाशिककरांकडे तर स्वतःची खूण आहे. दुतोंड्या मारुती. गोदाघाटावर, रामकुंडाच्या जवळ, पात्रात उभा. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले असं जाहीर होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, जेमतेम २८ लिटर. आता दहा हजार क्युसेक म्हणजे डोळ्यांपुढे काय येतं? काही नाही. पण "मारुतीच्या कमरेला पाणी लागलं" म्हटलं की भांडीबाजारातला, सराफबाजारातला माणूस हलायला लागतो. छातीला लागलं म्हणजे दुकानातला खालचा माल वर. गळ्याशी आलं म्हणजे दुकान बंद. आणि पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा, तिला पाणी लागलं की महापूर, याच्या वर मापच नाही. हे सगळं चित्र आहे, आकडा एकही नाही, भाषाही लागत नाही. कुणी तयार केलेलं नाही, पिढ्यांनी ठरवलेलं आहे. सप्टेंबर २००८ ला आणि ऑगस्ट २०१६ ला शहरानं याच मापानं पूर मोजला.

मी कार्डावर क्युसेकच्या शेजारी मारुतीची आकृती काढून पाहिली. शेंदरी, दोन्ही बाजूंना तोंड, आणि पाण्याची रेघ. घाटावरच्या दुकानदारांना ती इतकी आवडली की एकानं फ्रेम करून मागितली. पण एक अडचण खरी आहे. मारुती आत्ता किती पाणी आहे ते दाखवतो, दोन तासांनी किती असेल ते नाही. धरणातून विसर्ग वाढवला की घाटावर पाणी चढायला वेळ लागतो, आणि तोच वेळ माल उचलायचा असतो. म्हणून मी दोन रेघा मारतो, भरीव रेघ आत्ताची, तुटक रेघ पुढची. पुढची रेघ मात्र मी माझ्या मनानं काढत नाही, पाटबंधारे किंवा महापालिकेकडून तसं जाहीर झालं असेल तरच. नसेल तर फक्त बाण, वर किंवा खाली.

चक्रीवादळाचं चित्र हा आणखी वेगळा खड्डा. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा टीव्हीवर समुद्रातून निघालेला एक पांढरा पट्टा दिसायचा, सुरुवातीला अरुंद, पुढे फुगत जाणारा. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ते वादळाचं पोट समजलं. वादळ पुढे जाऊन एवढं मोठं होणार! तो पट्टा वादळाचा आकार नाही. वादळाचं केंद्र कुठं कुठं असू शकेल, याची ती जागा आहे. पुढचा अंदाज जितका लांबचा तितकी चूक मोठी, म्हणून पट्टा रुंद. अमेरिकेचं हरिकेन केंद्र हा पट्टा, म्हणजेच शंकू, काढताना मागच्या पाच वर्षांतल्या स्वतःच्या चुका मोजतं आणि साधारण दोन तृतीयांश वेळा केंद्र आत राहील अशा बेतानं रुंदी ठरवतं. म्हणजे तिनात एकदा ते बाहेरही जाऊ शकतं. आणि पाऊस, वारा तर शंकूच्या बाहेरही बराच लांब असतो.

दुसरी गफलत मधल्या रेघेची. १३ ऑगस्ट २००४ ला चार्ली नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडावर आलं. अंदाजाची मधली रेघ टँपा शहराकडे जात होती, सगळ्यांचे डोळे टँपावर. वादळ उजवीकडे वळलं आणि दक्षिणेला पंटा गोर्डाजवळ जमिनीवर आलं. ते गाव शंकूच्या आतच होतं. इशारा होता, पण लोकांनी रेघ वाचली, शंकू वाचला नाही. चित्रात रेघ काढली की माणूस रेघच बघणार, शंभर वेळा सांगा. निसर्गच्या वेळी रेघ रायगडवर होती, वादळ तिथंच श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, आणि इथले लोक म्हणाले, आपल्याला समुद्र कुठंय. रात्री नाशकात वारा घुमला आणि पाऊस झोडपत राहिला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन्ही वादळं अरबी समुद्रातच फिरली, आमच्या किनाऱ्यावर आलीही नाहीत, तरी त्या दिवसांतल्या पावसानं नाशिक जिल्ह्यातल्या बागांची काय अवस्था केली ते इथल्या कोणत्याही बागाईतदाराला विचारा.

तेव्हा माझा हट्ट असा, की समुद्रापासून आत असलेल्या जिल्ह्यासाठी शंकू काढूच नये. त्या जागी तीच वेळेची पट्टी. पाऊस अमुक वेळेपासून, वारा अमुक वेळेपासून, ओसरणार अमुक वेळेनंतर. केंद्र कुठून जाणार हे येवल्याच्या माणसाला कशाला हवं?

रडारच्या चित्रांबद्दल थोडक्यात. मोबाईलवर ढगांचे लाल-जांभळे ठिपके सरकताना दिसतात, पोरांना ते फार विश्वासाचं वाटतं. मुंबईतल्या रडारपासून नाशिक हवाई अंतरानं १४०-१६० किलोमीटर. रडारचा किरण जरा वर कललेला असतो आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे इथं पोचेपर्यंत तो जमिनीपासून अडीच-तीन किलोमीटर उंचीवरून जातो. मध्ये सह्याद्री. किरणाच्या खाली जे चाललंय ते रडारला दिसत नाही. स्क्रीनवर आभाळ मोकळं म्हणून कांदा उघडा टाकू नये, एवढंच.

गारांचं चित्र मी अजून काढू शकलेलो नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड आणि आसपास गारपीट झाली, द्राक्षांचे घड जमिनीवर. गारांचा पट्टा कधीकधी इतका चिंचोळा असतो की एका शिवारात सगळं झोपलेलं आणि ओढ्यापलीकडे पानाला धक्का नाही. हे तीन तास आधी कोणत्या रेघेनं दाखवायचं? तालुका रंगवला तर नव्वद टक्के लोकांसाठी ते खोटं ठरणार, नाही रंगवला तर दहा टक्के मेले. मी एकदा दहा शेतांचे चौकोन काढले, दोन भरले आणि लिहिलं, "तालुक्यातल्या दहापैकी साधारण दोन गावांत गारा पडू शकतात, कोणत्या ते सांगता येत नाही." मामेभावानं बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे लॉटरी." मी म्हटलं, "हो." "मग जाळी टाकतो," म्हणाला, आणि पुढच्या हंगामात एका एकरावर गारपीट जाळी टाकलीही. खर्च बघता सगळ्या बागेवर टाकणं त्याला जमणारं नव्हतं. ते कार्ड मी पुन्हा वापरलं नाही, कारण ते दोनाचं प्रमाण नुसतं उदाहरण म्हणून घातलं होतं, पत्रकात तसलं काही नसतं. चौकोनांची कल्पना मात्र चांगली आहे, कुणी खरे आकडे दिले तर.

विजेच्या बाबतीत तर चित्राचा मोह आवरायलाच हवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं दामिनी ॲप आहे, ते आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरची वर्तुळं दाखवून कुठं वीज पडतेय ते सांगतं. चांगलं आहे, मी मामांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलंय. पण बागेत घड विरळणी करणाऱ्या बायकांच्या हातात मोबाईल नसतो, मुकादमाच्या खिशात असतो आणि तोही बांधावरच्या आंब्याखाली उभा. त्यांच्यासाठी कार्डावर एकच चित्र. झाड, झाडावर मोठी फुली, आणि पक्क्या खोलीकडे जाणारी माणसं. वर एक ओळ, "गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. आत चला." मला हौस होती की चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर, हे गणित द्यावं. मामींनी ते खोडायला लावलं. "बाया मोजत बसतील," म्हणाल्या.

आता २०२७ चा सिंहस्थ आला. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसात, रामकुंडावर आणि त्र्यंबकला कुशावर्तावर. येणाऱ्यांत मराठी न वाचणारे लाखो. उज्जैनच्या सिंहस्थात ५ मे २०१६ ला वादळी पावसात मंडप कोसळून माणसं गेली, ते कुणी विसरू नये. मोबाईलवर मोठ्यानं वाजणारे आपत्तीचे संदेश आहेत, २०२३ मध्ये त्यांच्या चाचण्या झाल्या तेव्हा आमच्या दुकानात सगळे मोबाईल एकदम कोकलले आणि एका गिऱ्हाइकानं मोबाईल टेबलावर फेकून दिला होता. पण नदीत उतरलेल्या माणसाचा मोबाईल काठावरच्या पिशवीत असतो. तिथं फलक लागणार, आणि फलक म्हणजे आमचं काम.

म्हणून मी आत्तापासून काही गोष्टी छापून उन्हात लावून ठेवल्यात, गच्चीवर. लाल-पिवळा आधी उडतो, निळा-काळा टिकतो, हे प्रत्येक जुन्या फ्लेक्सवर दिसतं. सहा महिने आधी लावलेला लाल इशारा स्नानाच्या दिवशी गुलाबी झालेला असेल. तेव्हा आकार काळे, रंग फक्त मदतीला. दुसरं, फलक स्वतःच वादळात पडू नये. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. त्यानंतर मी कुठलीही कमान छापून देताना विचारतो, बांधणार कोण आणि कशाला. गिऱ्हाइकाला राग येतो. आपत्तीचा फलक तर भिंतीवर रंगवावा, नाहीतर पत्र्यावर, खालून पक्का, आणि कापड शक्यतो नकोच. माझ्या धंद्याविरुद्ध बोलतोय, कळतंय मला.

तिसरी गोष्ट बाणाची, आणि ती सुटलेली नाही. "पाणी वाढतंय" म्हणून वर जाणारा बाण आणि "वर निघा" म्हणून वर जाणारा बाण, दोन्ही एकाच फलकावर सारखे दिसतात. पाण्याच्या बाणाला लाटा लावल्या, माणसाच्या बाणाला पायऱ्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो, काही न सांगता, आणि विचारतो, काय करायचं म्हणतंय हे? काल दोघांनी बरोबर सांगितलं. तिसरा म्हणाला, "लिफ्ट इकडे आहे." पायऱ्यांवर आता चढणारी माणसं काढून बघतोय, एकाच्या खांद्यावर लहान मूल देऊन. कुणाला याहून बरी कल्पना सुचली तर कळवा, किंवा दुकानात या, कच्चे प्रिंट टेबलावरच असतात.